गुंडो अज्जांचं आयुध

“सर, लढाई चालू असताना कुणाला जोरात शी लागली तर?”

हा प्रश्न मी विचारला. मोठ्यानं. नववीच्या अडतीस मुलांसमोर, आणि मथुरा मिस अगदी शेजारी उभ्या असताना. कारण माझ्या मैत्रिणींनी, संहिता आणि धनलक्ष्मीनं, बसमध्ये पैज लावली होती, की वसू असलं काही विचारूच शकत नाही.

गेल्या वर्षीची वसू नसतीच विचारू शकली. गेल्या वर्षी मी हजेरीला “प्रेझेंट मिस” एवढ्या हळू म्हणायचे की शाळेत बसूनसुद्धा माझी अकरा दिवस गैरहजेरी लागली. मग जूनमध्ये मला कबड्डीच्या टीममध्ये घेतलं, आणि तिथं नियमच असा, की आवाज थांबला की तुम्ही बाद. तीन महिने रोज संध्याकाळी ओरडल्यावर आवाजाची सवय होते. आता तो बंद कुठून करायचा तेच मला कळत नाही.

आम्ही बेंगळूरहून सहलीला आलो होतो. ‘किनारपट्टीचा सामरिक इतिहास’ असं मिसनी वाटलेल्या कागदावर छापलं होतं, आणि खाली रिकाम्या जागा भरायच्या होत्या. कारवारच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलेली युद्धनौका पाहून झाली, टेहळणीचं विमान पाहून झालं, काळी नदीपलीकडच्या सदाशिवगडावर चढून दमून झालं. नौकेचा वेग, तोफेची लांबी, क्षेपणास्त्राचा पल्ला... माझा कागद पूर्ण भरला होता आणि त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. शेवटचं ठिकाण अंकोल्याजवळचं एक जुनं मिठाचं गोदाम. तांडेल सर नावाच्या निवृत्त नौसैनिकानं भंगारात निघालेल्या जहाजांचे तुकडे गोळा करून तिथं स्वतःचं छोटं संग्रहालय मांडलंय. सगळीकडे गंज आणि मिठाचा वास.

“वसुमती!” मिस म्हणाल्या. पुढचं सगळं त्या एका हाकेतच आलं.

पण तांडेल सरांनी हात वर केला. “थांबा हो बाई. बारा वर्षं मी लोकांना हे दाखवतोय. सगळे विचारतात मिसाइल किती लांब जातं. हा प्रश्न पहिल्यांदा आला.” मग माझ्याकडे वळून एकदम गंभीरपणे म्हणाले, “बादली.”

मागं सगळी मुलं फुटली.

“हसा. लढाईला सज्ज म्हटलं की जागा सोडायची नाही. चार तास, कधी आठ तास. तोफेपाशी असाल तर तोफेपाशी. त्या कामाला एक बादली. आणि जेवणाची दुसरी बादली, ती वरून फिरत यायची. दोन्हींची अदलाबदल नको म्हणून एकीला लाल पट्टा.”

“कुठल्या?” धनलक्ष्मी.

“ते विसरलो असतो तर आज तुमच्यासमोर उभा नसतो.”

पैज जिंकून झाली होती. पण माझं तोंड सुरूच होतं. “ती जेवणाची बादली घेऊन कोण यायचं?”

“कुक. बोटीवरचा स्वयंपाकी. चला, त्याची जागा दाखवतो. तिकडं कुणी येत नाही, सगळ्यांना तोफेला टेकून फोटो पाहिजे असतो.”

गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी बोटीवरचं स्वयंपाकघर जसंच्या तसं बसवलं होतं. आमच्या बाथरूमएवढी जागा. भिंतीला पक्कं केलेलं मोठ्ठं पातेलं, बोट हलते म्हणून त्याच्या कडा उंच. आणि पातेल्याशेजारी खिळ्याला टांगलेलं ते.

अडीच फूट लांब, स्टीलचं. टोकाला पंजाएवढं रुंद पातं, पात्यात एका ओळीत तीन भोकं. मुठीपाशी ठोकून उमटवलेला नंबर.

मी ओळखलं, कारण अगदी असंच आमच्या घरी आहे. बेंगळुरात, बनशंकरीच्या घरी, देवघरात लाल कापडात गुंडाळलेलं.

आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलं. घोड्यावरून आले, असं माझे वडील, म्हणजे अण्णा, सांगतात. घोडे नाहीत, तलवारी नाहीत, आता सगळे ऑफिसात. त्यामुळे आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे पाटावर अण्णांचा लॅपटॉप, आईची कात्री, स्कूटरची किल्ली, माझी कंपासपेटी असला बाजार मांडलेला असतो. एकच खरं आयुध. मधोमध. माझ्या आजोबांचे, म्हणजे आप्पाजींचे धाकटे भाऊ गुंडो अज्जा नौदलात अधिकारी होते, एकाहत्तरच्या युद्धात होते, आणि हे त्यांना बोटीवर मानानं मिळालेलं शस्त्र. त्याला पहिलं गंध, पहिलं फूल. लहानपणी मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

“सर,” मी विचारलं, “हे अधिकाऱ्यांना देतात का? मानाचं म्हणून?”

तांडेल सर एवढे हसले की त्यांना खोकला आला. “हा कलथा आहे, पोरी! दीडशे माणसांचा भात हलवायचा कलथा. भोकं कशाला, तर भात चिकटू नये. अधिकाऱ्याच्या हातात दिला तर खालून करपेल सगळा.”

संहितानं माझ्या कोपराला धरलं. तिनं गेल्या दसऱ्याला आमच्याकडे येऊन त्याला नमस्कार केला होता, चप्पल काढून. परतीच्या बसमध्ये शिरसी येईपर्यंत ती आणि धना आळीपाळीनं हसत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

हसू संपलं तेव्हा दुसरंच काहीतरी सुरू झालं. मला गुंडो अज्जा आठवायला लागले. ते बेंगळूरबाहेर आनेकलला एकटे राहतात, लग्न केलं नाही. वर्षातून एकदा, आयुधपूजेला सकाळी आमच्याकडे यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, आणि अण्णा त्या कलथ्याला फुलं वाहत असताना जमिनीकडे बघायचे. मला वाटायचं, केवढे हे विनयशील. आप्पाजी गेल्यापासून तर ते यायचेच बंद झाले. आणि यंदा आमच्या मराठी संघानं ठरवलं होतं, की दसऱ्याच्या कार्यक्रमात गुंडो अज्जांचा सत्कार करायचा. संघाचे सेक्रेटरी कोण, तर अण्णा. त्यांची ओळख करून द्यायला भाषण कोण करणार, तर मी. अण्णांनी लिहूनसुद्धा दिलं होतं: ‘शत्रूच्या छातीत धडकी भरवणारे नौदल अधिकारी श्री. गुंडोराव’. फक्त गुंडो अज्जा फोनवर नको म्हणत होते. तीनदा नको म्हणाले. “वय झालं की माणूस हट्टी होतो,” अण्णा म्हणाले.

मला आता वेगळी शंका होती.

रविवारी मी आणि धनलक्ष्मी जिगणीमार्गे आनेकलच्या बसमध्ये बसलो. घरी सांगितलं, प्रोजेक्ट आहे. होताच.

गुंडो अज्जांची खोली बाजारामागच्या गल्लीत आहे. पुढच्या बाजूला पूर्वी त्यांची खानावळ होती, कारखान्यातले कामगार जेवायचे. आता तिथं मोबाइलचं दुकान. अज्जा दारातच बसून घेवडा निवडत होते. शहात्तर वर्षांचे, पण पाठ ताठ. आम्हाला बघून म्हणाले, “कोण मेलं?”

“कुणी नाही अज्जा. सहज.”

“सहज आनेकलला कुणी येत नाही. बसा. स्वल्प थांबा, भात टाकतो.”

मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. हळूहळू विषय काढायचा, असं धनानं बजावलं होतं. अज्जा भात चढवून परत घेवड्यापाशी आले, तशी मी खाली बसले आणि म्हणाले, “अज्जा, तुम्ही बोटीवर स्वयंपाकी होता ना?”

धनानं कपाळावर हात मारला. “अय्यो वसू!”

अज्जांचा हात घेवड्यावर थांबला. मग त्यांनी एक शेंग मोडली, शीर काढली आणि म्हणाले, “कुणी सांगितलं?”

“कलथ्यानं.” मग मी तांडेल सर, गोदाम, पातेलं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बादलीसकट.

बादलीपाशी ते हसले. दात नसलेलं, मोकळं हसू. मी त्यांना कधी हसताना पाहिलंच नव्हतं. “लाल पट्टा,” ते म्हणाले. “आमच्या बोटीवर निळा होता.”

आणि मग ते बोलायला लागले. मला वाटतं, पन्नास वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. त्या डिसेंबरात चार दिवस बोट समुद्रात सज्ज होती. लढाईची हाक आली की चूल विझवायची, म्हणून आधीच पातेलंभर खिचडी करून ठेवायची आणि बादल्या भरून प्रत्येक माणसापर्यंत न्यायची. शिड्या चढून, उतरून, बोट हलत असताना. त्यानंतर स्वयंपाक्यांनी खालच्या खोलीतून तोफगोळे वर द्यायचे. “तोफेपाशी एक मुलगा होता, केरळचा. एकोणीस वर्षांचा. घशाखाली घास उतरेना त्याच्या. हात तोफेवरून काढेना. मग मी भरवला त्याला. असा. तो चावायचा आणि रडायचा. बादलीत उरलेली सगळी खिचडी संपवली त्यानं. पुढं बढती मिळत तो चीफ झाला, मला म्हणायचा, गुंडो, कुणाला सांगू नको हां.” अज्जांनी नाक पुसलं. “आमची बोट परत आली. सगळी माणसं घेऊन आली.”

“आणि कलथा?”

“बोट भंगारात गेली तेव्हा ज्यानं त्यानं काही ना काही आठवण घेतली. मी हा मागितला. आमच्या साहेबांनी कागदावर सही करून दिला, चोरी नाही. घरी आणला, दादा म्हणाला, हे काय? मी म्हटलं कलथा. दादा म्हणाला, कुंकू लावल्यावर कोण विचारतो.”

“पण आप्पाजी खोटं का बोलले?” माझा आवाज चढला होता. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं.

“ओरडू नको. तुमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. आणि मी बोटीवर काय फक्त खिचडी करायचो? मटण, मासे, सगळं. दीडशे माणसांचं. घरी दोन बहिणी लग्नाच्या. बघायला आलेले विचारणार, मुलीचा भाऊ काय करतो. म्हणून दादानं मला ऑफिसर केलं. मला म्हणाला, गुंडो, तू फक्त गप्प बस. मी शब्द दिला.”

“लग्नं होऊन पन्नास वर्षं झाली की! पणतवंडं झाली!”

“शब्दाला तारीख नसते बाळ.”

“मग सत्काराला नाही का म्हणता?”

आता मात्र ते माझ्याकडे बघून बोलले. “दर आयुधपूजेला त्या खुर्चीवर बसायचो ना, तेव्हा वाटायचं, पूजा माझीच चाललीय आणि मी घरात नाहीच. दादा होता तोवर त्याच्यासाठी बसलो. आता स्टेजवर चारशे लोकांसमोर तसं बसायला सांगता? ते होणार नाही माझ्याच्यानं. मरेपर्यंत आनेकलात बसेन. ऑफिसर गुंडोरावांना बोलावलंय, त्यांनी जावं.”

“आणि स्वयंपाकी गुंडोरावांना बोलावलं तर?”

ते उठले. भाताला वाफ आली होती. झाकण काढून, मंद करून, परत ठेवलं. पाठमोऱ्यानंच म्हणाले, “केव्हा आहे म्हणालीस?”

“गुरुवारी. संध्याकाळी पाचला.”

“मी शब्द दिलाय. मी तोंड उघडणार नाही.”

“मी कुणाला शब्द दिलेला नाही,” मी म्हणाले.

पानं वाढताना त्यांनी माझ्या पानात भाताचा डोंगर केला आणि म्हणाले, “संपव. टाकलंस तर बघ.” तो भात, साधी घेवड्याची भाजी आणि भात, मी काय सांगू. धनानं तीनदा घेतला.

घरी पोचले तेव्हा अण्णा दिवाणखान्यात सत्काराचा फलक उलगडून बघत होते. चिकपेटेतून छापून आला होता, ताजा, शाईचा वास येत होता. वर सोनेरी अक्षरांत ‘नौदल अधिकारी’. बाजूला तोफेचं चित्र, कुठून घेतलं देव जाणे.

“बघ कसा झालाय,” अण्णा म्हणाले.

“चुकीचा झालाय,” मी म्हणाले.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि मध्येच दाराला टेकून उभी राहिली. कलथ्यापाशी तिनं मला थांबवलं.

“एक मिनिट. म्हणजे गेली अठरा वर्षं मी लांबून कलथ्याला नमस्कार करतेय?”

“हो.”

“तीन भोकांचा कलथा.” आईनं अण्णांकडे पाहिलं. “लग्नात मला सांगितलं होतं, शस्त्र आहे म्हणून. बायकांनी हात लावायचा नाही म्हणून. मी रोज काय हातात धरते मग?”

“श्यामला, तू तिला आणखी चढवू नको.” अण्णांनी फलकाची गुंडाळी करायला घेतली, ती नीट होईना. मग ते खुर्चीत बसले, आणि मला कळलं, की त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही.

“अण्णा, तुम्हाला माहीत होतं?”

“दहा वर्षांचा असेन. आप्पाजींबरोबर आनेकलला गेलो होतो. काका खानावळीत मागं मोठ्या पातेल्यापाशी उभे होते, दोन्ही हातांनी हलवत होते. मला म्हणाले, ये, हलवतोस का? मला फार हलवायचं होतं गं. आप्पाजींनी हात धरून बाहेर आणलं. बसमध्ये म्हणाले, घरी बोलायचं नाही.” अण्णा गुडघ्यावरचा फलक नुसता दाबत बसले. “नाही बोललो.”

क्षणभर मला त्यांची दया आली. पण क्षणभरच.

“मग आता बोलू या.”

“वसू, हे तुझं कबड्डीचं मैदान नाही. चारशे लोक येणार. संघातले म्हातारे, आत्यांच्या सासरचे. पत्रिका वाटून झाल्या. लोक म्हणतील, आजवर खोटं सांगत होते.”

“सांगतच होतो.”

“तोंड सांभाळ!”

“सांभाळते. वर्षभर सांभाळलं, अकरा दिवस गैरहजर लागले. अण्णा, ज्या माणसाचा सत्कार आहे तोच येणार नाहीये. तुम्ही रिकाम्या खुर्चीला शाल घालणार का? आणि स्वयंपाकी असण्यात वाईट काय? त्या बोटीवर प्रत्येक माणसाला त्यांनी जेवायला घातलं, तोफेपाशी बसलेल्याला हातानं भरवलं. त्यांना लाज वाटत नाही. लाज आपल्याला वाटते, आणि ती त्यांनी आनेकलात एकट्यानं सांभाळायची, असं का?”

आई अजून दारातच होती. ती म्हणाली, “मटणाचं सांगणार आहेस का स्टेजवर?”

“विचारलं तर सांगेन.”

“अगं देवा,” आई म्हणाली, पण ती स्वतःशीच हसत होती आणि ते लपवायला तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मी सांगते काय होणार आहे ते,” मी म्हणाले. “भाषण मीच करणार. तुम्ही लिहिलेलं नाही, माझं मी लिहिणार, आज, आत्ता. त्याचं पहिलं वाक्य असेल, ‘माझे गुंडो अज्जा नौदलात स्वयंपाकी होते.’ हे तुम्हाला चालणार नसेल तर माझ्याऐवजी दुसरं कुणी शोधा, मी पहिल्या रांगेत बसून तेच वाक्य मोठ्यानं म्हणेन. आणि गुरुवारी सकाळी मी अज्जांना आणायला आनेकलला जाणार आहे. नऊच्या बसनं. तुम्ही कार काढलीत तर कारनं. नाही काढलीत तरी जाणार आहे.”